दार उघडणारी

“टोपी सरळ कर रे!” म्हातारी ओरडली. “चार माणसांत उभा हायेस ना? टोपी सरळ कर!”

ती कुणाला बोलते आहे हे तंबूत आधी कुणाला कळलंच नाही. पडद्यावर आगगाडी धावत होती. डब्याच्या दारात एक हबशी हमाल बॅग घेऊन उभा होता आणि त्याची टोपी एका कानावर कलली होती. म्हातारी बायकांच्या बाजूला अगदी पुढं, वाळूत बसली होती. ती उठली, धडपडत पडद्याशी गेली आणि तिनं हात वर करून त्या हमालाच्या बुटाला लावला. तिचा हात तेवढाच पोचत होता.

“याकूब,” ती म्हणाली.

हमालानं टोपी काढली, पांढरे दात दाखवून हसला. गाडीतल्या गोऱ्या बाईनं बोटानं खूण केली, तशी बॅग खाली ठेवून तो निघून गेला. म्हातारीचा हात पडद्यावर तसाच राहिला. आता त्या जागी गोऱ्या बाईचा झगा होता.

लोक हसायला लागले, आणि हसता हसता माझ्याकडं बघायला लागले. मी पडद्याच्या बाजूला स्टुलावर बसलो होतो, हातात पत्र्याचा भोंगा. तंबूत जे काही घडेल त्याचा अर्थ सांगायचं काम माझं होतं.

“बसा अम्मा,” मी भोंग्यातून म्हटलं. “गाडी चालू आहे, पडाल.”

तंबू आणखी हसला. एक काळीसावळी उंच बाई पुढं आली आणि म्हातारीला खांद्याला धरून मागं घेऊन गेली. मी पुढची गोष्ट सांगायला लागलो. त्या दिवसांत माझं तोंड आपलं आपण चालायचं.

तंबू नरोत्तमशेठचा. दिवाळी झाली की ते बंदराबंदरांतून तो फिरवायचे. आमच्या बंदरात, म्हणजे राजपुरीच्या खाडीच्या तोंडाशी, जिथून जंजिऱ्याचा कोट समोर दिसतो तिथं, त्यांचा आठवडाभर मुक्काम असायचा. आपल्याकडचे चांगले चित्रपट शेठला परवडायचे नाहीत. म्हणून ते मुंबईहून इंग्रजी चित्रपटांच्या झिजून झिजून पडद्यावर रेघांचा पाऊस पडायला लागलेल्या प्रती आणायचे, आणि भोंगा घेऊन मला बसवायचे. गाव असं धरून चाललं होतं की काशिनाथला इंग्रजी येतं. तरुणपणी मी पुण्याच्या कॅम्पात एका कर्नलच्या खानसाम्याच्या हाताखाली होतो. मला इंग्रजी येत होतं ते जेवणापुरतं. सूप कोणतं, मासा कधी वाढायचा, पुडिंग कुणी परत पाठवलं, एवढं मी अस्खलित बोलायचो. प्रेमाचं इंग्रजी माझ्या कानावर कधी पडलंच नाही. कर्नल आणि त्याची मेम एकमेकांशी बोलत नसत.

पण त्यानं काही अडत नव्हतं. गोरी माणसं तोंडं हलवायची, मी बोलायचो. त्या आठवड्यातल्या चित्रपटाचं खरं नाव मला शेवटपर्यंत कळलं नाही. बाहेरच्या पाटीवर मी खडूनं लिहिलं होतं, ‘तीन टोप्या, एक नवरी’. टोप्यांचं दुकान चालवणारी एक गोरी पोरगी. तिच्यामागं एक श्रीमंत, लठ्ठ वकील. आणि पियानो दुरुस्त करत फिरणारा एक फाटका, देखणा मुलगा. मी पोरीचं नाव सोनुताई ठेवलं, पोराचं मधू. वकील अलिबागचा केला, त्यामुळं तो नुसता पडद्यावर आला की आमच्या गावच्या कुळांना आपोआप राग यायचा. वकिलाच्या कुत्र्याचं नाव ठेवलं फौजदार. त्याचंही मी शेजारणीच्या कुत्रीशी जमवून दिलं होतं. शेवटी आगगाडीत भांडण, स्टेशनावर मुका आणि चर्चमध्ये लग्न. मुक्याच्या वेळी जेरोम ऑपरेटर यंत्रापुढं हात धरायचा. शेठची तशी ताकीद होती. अंधारात मी सांगायचो, “मधूनं सोनुताईच्या डोळ्यातलं कुसळ काढलं.” पोरंटोरं शिट्ट्या मारायची.

तर त्या वर्षी कोजागिरीच्या आधी माझी बायको गेली होती. तापाचं निमित्त झालं. तेराव्याचं झालं, पाहुणे गेले. तंबू आला तसं घराला कुलूप लावून मी तंबूतच राहायला आलो. रडू येत नव्हतं. हसूही येत नव्हतं, पण लोकांना हसवता येत होतं, त्याला आपण हसायची गरज नसते. तिचं नाव त्यानंतर मी घेतलं नव्हतं. ठरवून नाही. गेलेल्या माणसाला हाक मारायचं काही काम पडत नाही, एवढंच.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी आणि जेरोम तंबूमागं बसलो होतो. जेरोम कोरलईचा किरिस्ताव, हडकुळा, कमी बोलणारा. तो हातानं रिळं उलटी गुंडाळत होता. त्यानं स्टोव्हवरचा चहा माझ्या पेल्यात ओतला आणि मी तो पिऊन टाकला.

“अरे, उकळता होता तो,” जेरोम म्हणाला.

“हो का?”

त्यानं माझ्याकडं बघितलं आणि पुन्हा रीळ फिरवायला लागला. तेवढ्यात ती कालची उंच बाई आली. मी तिला ओळखत होतो, तोंडओळखीपुरतं. सिद्द्यांच्या वाडीतली मरियम, मामलेदारांच्या बंगल्यावर कामाला होती.

“भाऊ, काल ओरडली ती माझी सासू,” ती म्हणाली. “हलीमाबी.”

“त्या हमालाची ओळख निघाली वाटतं अमेरिकेत,” मी म्हटलं.

ती हसली नाही. “याकूब म्हणजे तिचा पोर. माझा नवरा. आगबोटीवर भट्टीला होता. लढाईत बोट गेली ती गेली. कंपनीचा माणूस घरी येऊन सांगून गेला, बोट बुडाली. सासूनं त्याला पाणी दिलं नि हाकलून दिलं.”

“मग कालचा तो...”

“नाय हो, भाऊ. याकूब असा गुळगुळीत नव्हता. पण आमच्या तोंडवळ्याचा माणूस तिनं पडद्यावर कधी बघितला होता? कुणीच नाय बघितला. माझी पण क्षणभर नजर फसली की.” ती वाळूत बसली. “मी कामाचं बोलायला आलेय. दाऊद मिस्त्री माहीत हाय ना, बोटी बांधतो तो?”

दाऊद मला माहीत होता. शांत माणूस. लाकूड हातात घेऊन त्याच्याशी बोलायचा, माणसांशी बोलायचा नाही.

“तो शुक्रवारच्या लाँचनं रत्नागिरीला चाललाय. कायमचा. निकाह करून नेतो बोलतो. सासूला पण नेतो बोलतो. काझीसाहेबांना विचारलं, ते बोलले तू केव्हाचीच मोकळी हायेस. आणि सासू काय बोलते? ‘याकूब आला तर दार कोण उघडील?’ एवढंच. रोज तेच. ती दारातून हलत नाय, आणि तिला टाकून मी जाणार नाय. माझी आई नव्हती, हिनंच केलं माझं सगळं.”

“मग यात मी काय करू?”

“त्याचं लग्न लावून द्या.”

“कुणाचं?”

“त्या हमालाचं. तिकडच्या तिकडं. त्याला घर द्या, बायको द्या. दार उघडणारी कुणीतरी द्या त्याला. मग ती मला सोडील.”

जेरोमचा हात रिळावर थांबला.

“त्यात काय मोठं?” मी म्हटलं. “आज संध्याकाळी लावून टाकतो. फौजदाराचं लावलं, ह्याचं लावतो. नवरी कोण पाहिजे?”

“ती एक हाय ना, टोपीवालीच्या घरची. दार उघडते ती. डोक्याला पांढरा रुमाल बांधलेली.”

मला क्षणभर आठवेचना. मग आठवली. तिसऱ्या रिळात मधू फुलं घेऊन येतो तेव्हा एक जाडगेली हबशी बाई दार उघडते, तोंडभर हसते, आतल्या सोनुताईला “येस मॅम” म्हणते आणि स्वयंपाकघरात जाते. झालं. पुन्हा दिसत नाही.

“तिला तर नावसुद्धा नाही,” मी म्हटलं.

“तुम्ही नाय ठेवलंत. कुत्र्याचं ठेवलंत.” मरियमनं हे रागानं म्हटलं नाही. “मी बघत होते ना. ती हसून दार उघडते, मी मामलेदारांकडं तसंच उघडते. आतल्यांचं बाहेरच्यांशी काय जमायचं ते जमतं.”

जेरोम एकदम बोलला. तो असं मधे बोलत नसे. “त्या लोकांनी पण नाही ठेवलं नाव. मी किती वर्षं चालवतोय हे असले सिनेमे. गोऱ्याचं गोरीशी जमतं, तेव्हा चहाचा ट्रे घेऊन हीच येते. दुसऱ्या सिनेमात हीच, तिसऱ्यातही हीच. संध्याकाळी काम झाल्यावर ही कुठं जाते, हिच्या घरी कोण आहे, कुणी दाखवलं नाही. आणि तो हमाल... गाडी सुटली की तो संपला.”

“मग आता नाव ठेवा,” मरियम म्हणाली. “आणि कुणाच्या तरी घरी पाठवा तिला.”

त्या संध्याकाळी मी माझ्याकडून काही कमी केलं नाही. गाडी आली, हमाल दारात उभा राहिला. मी भोंगा तोंडाला लावला.

“हा बघा हा! हा साधा हमाल नव्हे. हा आपल्या बंदराचा माणूस. सात समुद्र पोहून गेला, एका देवमाशानं गिळला आणि खारट लागला म्हणून थुंकून टाकला! आता रेल्वेत पक्की नोकरी आहे. आणि घरी कोण वाट बघतंय? सोनुताईच्या घरी दार उघडते ना ती! गेल्या श्रावणात लग्न झालं दोघांचं. वकिलाला आमंत्रण नव्हतं!”

लोक खूश. टाळ्या पडल्या. हलीमाबी उठून उभी राहिली आणि तंबू गप्प झाला, कारण आदल्या दिवशीपासून ती सगळ्यांना माहीत झाली होती.

“कुठाय ती?” तिनं विचारलं.

“घरी आहे, अम्मा. स्वयंपाक करते.”

“दाखव.”

“ते आता कसं दाखवणार? गाडी चाललीय.”

“सांग्या, तू खोटं बोलतोस,” म्हातारी शांतपणे म्हणाली. “तू वकिलाला पण अलिबागचा करतोस. पडदा नाय खोटं बोलत. पडद्यावर दाखव, मग मानते.”

ती बसली. मी मरियमकडं बघितलं नाही. सोनुताई आणि मधूचं लग्न मी नेहमीसारखं लावून दिलं.

गुरुवारी सकाळी मरियम आली नाही. मी समुद्रावर फिरून आलो. कोळणी मासळी सुकत घालत होत्या, त्यातली एक म्हणाली, “तात्या, आज काय जमवताय?” मी काहीतरी उत्तर दिलं आणि ती हसली. दाऊद मिस्त्रीची पेटी धक्क्यावर येऊन पडली होती, हत्यारांची. तो त्याच पेटीवर बसून होता. त्यानं मला बघून मान हलवली. मीही हलवली.

तंबूत आलो तर जेरोमनं दोन रिळं बाहेर काढून चादरीवर पसरली होती. हातात कात्री. फिल्म जोडायच्या औषधाचा पिकल्या केळ्यासारखा वास येत होता.

“काय करतोस?”

“बाई सातव्या रिळात न्यायची,” तो म्हणाला.

“शेठला कळलं तर?”

“शेठ हिशेबाला मुरूडला गेलाय. उद्या तंबू उठतो. आणि ही प्रत इथून तिथून शिवलेलीच आहे, गोधडीसारखी. त्यात एक टाका माझा.” त्यानं फिल्मची पट्टी उजेडात धरली. “इकडं ये. बघ.”

मी बघितलं. टिचभर चौकोनांत तीच ती बाई, पुन्हा पुन्हा, प्रत्येक चौकोनात दार थोडं जास्त उघडलेलं आणि चेहरा थोडा जास्त हसरा.

“तो दारात बॅग घेऊन उभा राहतो. तिथं कापायचं. मधे ही, दार उघडते, हसते. मग पुन्हा तो, टोपी काढतो, हसतो. बस्स. दोघं एका चौकटीत नाही आणता यायची, ते माझ्या हातात नाही. पण एकमेकांकडं बघतील.”

“आगगाडीत घराचं दार कुठून आलं, असं कुणी विचारलं तर?”

“ते तू बघ,” जेरोम म्हणाला. “तेवढं तुझं काम.”

त्यानं मला पट्टीचं टोक धरायला दिलं. तो फिल्मच्या कडा ब्लेडनं खरवडत होता, औषधाचा थेंब सोडत होता आणि दाबून धरत होता. बराच वेळ. कोरलईला त्याची आई अशीच जाळी शिवायची, असं तो म्हणाला. मी पट्टी धरून बसलो. माझ्या बोटांत बाईचे दहा-बारा चेहरे होते. मला वाटलं, काहीतरी वाटायला पाहिजे. काही वाटत नव्हतं. केळ्याचा वास येत होता.

“घरी कधी जाणार?” जेरोमनं मान वर न करता विचारलं.

“तंबू उठल्यावर.”

“उद्या उठतो.”

“मग उद्या.”

दिवेलागणीला खेळ सुरू झाला. शेवटचा दिवस म्हणून सगळं बंदर आलं होतं. हलीमाबी तिच्या जागी बसली होती, अंगावर धुतलेली ओढणी. मरियम शेजारी. आणि पुरुषांच्या बाजूला, अगदी मागं खांबाला टेकून, दाऊद. त्याला चित्रपट बघताना मी कधी पाहिलं नव्हतं.

तिसऱ्या रिळात गंमत झाली. मधू फुलं घेऊन आला, त्यानं घंटी वाजवली, आणि पुढच्याच क्षणी तो घरात होता. दार उघडणारी नव्हतीच; ती सातव्या रिळात गेली होती.

“आत कसा गेला?” कुणीतरी ओरडलं.

“वाऱ्यानं उघडलं,” मी भोंग्यातून सांगितलं. “अमेरिकेत खाडीचा वारा फार.”

तेवढ्यावर भागलं. आमच्याकडं वाऱ्यावर कुणी शंका घेत नाही.

मग वकील आला, शिव्या खाऊन गेला. फौजदाराचं जमलं. सोनुताई गाडीत बसली. सातवं रीळ लागलं आणि मी पाहिलं की हलीमाबी उठून उभी राहिली आहे. ती पडद्याजवळ गेली नाही. नुसती उभी.

हमाल दारात आला. बॅग हातात. टोपी कानावर कललेली.

मी भोंगा उचलला. गाडी इथं थांबते, हा उतरतो, स्टेशनासमोरच त्याचं घर, असं सगळं मी जुळवून ठेवलं होतं. देवमासा पुन्हा आणायचा नाही असंही ठरवलं होतं. “आणि आता...” एवढंच मी म्हटलं.

चित्राला एकदा हिसका बसला. जोडाचा तो धक्का.

दार उघडलं. ती दारात होती, डोक्याला पांढरा रुमाल, हात पदरासारख्या बांधलेल्या कापडाला पुसलेले. तिनं समोर बघितलं आणि तोंडभर हसली. तिसऱ्या रिळात ती मधूकडं बघून हसायची तेव्हा तिच्याकडं कुणी बघत नसे; सगळे मधूच्या फुलांकडं बघायचे. आता तिच्यासमोर मधू नव्हता. पुन्हा हिसका बसला. हमालानं टोपी काढली. आणि तो हसला.

तंबूत कुणी शिट्टी मारली नाही.

“पोचला,” हलीमाबी म्हणाली. तिनं ते मोठ्यानं म्हटलं नव्हतं, पण सगळ्यांना ऐकू गेलं. मग ती माझ्याकडं वळली. मोतीबिंदूनं पांढुरके झालेले डोळे, मी तिला दिसत होतो की नाही कुणास ठाऊक. “सांग्या, नाव काय तिचं?”

मी आयुष्यात नावांना कधी अडलो नाही. वकिलाच्या कुत्र्याला मी बघता बघता फौजदार केला होता. रुखसाना, झुबेदा, अमीना, नावं काय थोडी होती? मरियम माझ्याकडं बघत होती. एक बोट वर करून तिनं मला खुणावलं, लवकर. यंत्र फिरत होतं. माझं तोंड उघडं होतं, भोंगा त्याला लागलेला होता, आणि आतून जे आलं ते मी थांबवलं नाही.

“भागीरथी,” मी म्हटलं.

भोंग्यातून गेल्यामुळं ते खूप मोठं झालं. तंबूच्या कापडाला आपटून परत आलं.

गावातले सगळे तिला ओळखत होते. तिच्या हळदीकुंकवाला माझ्या घरी आलेल्या बायका त्या बाजूला बसल्या होत्या. कुणी हललं नाही. यंत्राजवळ जेरोम होता, त्याचं डोकं मला झरोक्यातल्या उजेडात दिसत होतं. तेही हललं नाही.

“हिंदू का?” हलीमाबीनं विचारलं.

“हो, अम्मा.”

“आणि हा आमचा. चालतं तिकडं?”

“तिकडं असलं काही नसतं,” मी म्हटलं. “तिकडं कुणी कुणाचं दार उघडावं.”

मी पुष्कळ थापा मारल्या आहेत. देवमाशाची त्यातली लहान.

म्हातारीनं मान हलवली. मग ती पडद्याकडं वळली. हमाल आता तिथं नव्हता, सोनुताई आणि मधू भांडत होते, पण तिला ते दिसत नव्हते किंवा नको होते. तिनं घरातल्या सुनेला हाक मारावी तशी हाक मारली.

“दार लावून घे गो, भागीरथी. वारा येतो.”

मी भोंगा खाली ठेवला.

त्यानंतर पडद्यावर स्टेशन आलं. मुका आला, जेरोमनं यंत्रापुढं हात धरला की नाही मला आठवत नाही. चर्चमध्ये लग्न लागलं, तांदूळ उधळले गेले. गोऱ्यांचं ते लग्न त्या दिवशी कुणीच सांगितलं नाही. लोक बघत बसले. कुणी ओरडलं नाही, ‘तात्या, बोला’ म्हणून.

दिवे लागल्यावर माणसं वाळू झटकत निघाली. हलीमाबी मरियमचा हात धरून माझ्या स्टुलाशी आली आणि थांबली.

“आज लग्न सांगितलं नाहीस.”

“घसा बसला, अम्मा.”

“बसू दे.” तिनं हात पुढं केला, चाचपडत माझा गाल शोधला आणि त्यावर ठेवला. हाताला मिठाचा वास होता. ती वाकली आणि मरियमला ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणाली, “माझा याकूब डावरा होता. टोपी डाव्या हातानं काढायचा.”

मी रिकाम्या पडद्याकडं बघितलं.

“हा उजव्यानं काढतो,” म्हातारी म्हणाली. “तिकडं जाऊन सुधारला असंल.”

मग ती सरळ झाली आणि सगळ्या तंबूला ऐकू जाईल अशा आवाजात सुनेला म्हणाली, “दाऊदला सांग, रत्नागिरीला मला समुद्राच्या बाजूची खोली पायजे. आणि पेटी तो उचलील, मी नाय उचलणार.”

मरियमनं माझ्याकडं बघितलं नाही. ती मागं, खांबाकडं बघत होती. दाऊद मिस्त्री तिथून निघाला होता, गर्दीच्या उलट दिशेनं, बायकांच्या बाजूला यायला लाजत लाजत.

जेरोम स्टोव्ह पेटवून बसला होता. सातवं रीळ त्याच्या मांडीवर होतं.

“जोड काढू?” त्यानं विचारलं. “सकाळी प्रत परत जायची.”

“राहू दे.”

“पुढच्या गावच्या सांगणाऱ्याला काही कळायचं नाही.”

“त्याचं तो बघेल.”

त्यानं रीळ डब्यात ठेवलं, झाकण दाबलं, आणि माझ्या पेल्यात चहा ओतला. मी उचलून तोंडाला लावला. पहिल्याच घोटाला जीभ पोळली, आणि मी पेला खाली ठेवला.